चुकलेले नाणे कोणाचे?

वस्तूची किंमत वस्तूत असते की पाहणाराच्या दृष्टीत, याचा शास्त्रकारांनी पुष्कळ खल करून ठेवला आहे. वेदान्ताच्या पाठशाळेत पहिल्याच वर्षी शुक्तिरजताचा दृष्टांत येतो. शिंपला उन्हात चमकतो, पाहणाराला ती चांदी वाटते, तो धावतो, उचलतो आणि मग हिरमुसतो. आमच्या वेळची पोरे हा दृष्टांत घोकीत आणि मनात म्हणत, शिंपल्यामागे धावण्याइतका खुळा जगात कोण असेल? पण आता साठी उलटल्यावर असे दिसते की जग त्याच्याही पुढे गेले आहे. नव्या मुंबईत चातुर्मासाच्या निमित्ताने आमचे जाणे-येणे असते. तेथे आम्हाला अशी शहाणीसुरती माणसे भेटली, की जी बँकेतून नाण्यांच्या पिशव्या आणतात, रात्री सतरंजीवर ओततात आणि एकेक नाणे भिंगाखाली धरून पाहतात. शोधतात काय? चांगले नाणे नव्हे, बरं का! चुकलेले नाणे. चांगली नऊशे नव्व्याण्णव परत पिशवीत जातात आणि बिघडलेले एक मखमलीच्या डबीत बसते.

हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात विद्या आहे, श्रम आहेत आणि धर्माधर्माचा एक नाजूक प्रश्नही आहे. म्हणून आज त्याचाच विचार करू.

प्रथम हे चुकलेले नाणे म्हणजे काय ते समजून घ्यावे. टांकसाळीत धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, भट्टीत तापवून मऊ करतात, त्यांची कड उचलून घेतात आणि मग वरच्या व खालच्या ठशांमध्ये धरून दाबतात. एका दाबात छापा आणि काटा दोन्ही उमटतात. पाणिनीने ‘रूप्य’ हा शब्द याच आघातावरून साधला आहे. ज्यावर ठोकून रूप उमटवले ते रूप्य, आणि आपला रुपया त्याच कुळातला. आता यंत्र मिनिटाला शेकडो नाणी पाडते, तेव्हा हजारो-लाखोंत एखादी चकती जागेवरून सरकते आणि अर्धे चित्र बाहेर जाते. एखादा ठसा तडकतो आणि त्याची रेघ नाण्यावर उमटते. कधी एकाच चकतीवर दोनदा आघात होतो, तर कधी भलत्याच धातूची चकती आत शिरते. तपासनीस अशी नाणी वेगळी काढून वितळवतात, तरी एखादे निसटतेच. ते पिशवीत बसते, बँकेत जाते, दुकानात येते आणि शेवटी तुमच्या-आमच्या कनवटीला लागते.

आपल्याकडची टांकसाळ मुंबईच्या कोट भागात आहे. ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालू आहे. तुमच्या खिशातले नाणे काढून सालाखाली पाहा. तेथे बारीकसा चौकट, म्हणजे हिऱ्यासारखी खूण असेल तर ते मुंबईचे. तारा असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कलकत्त्याचे. रोज हाताळतो त्या वस्तूवर एवढे लिहिलेले असते आणि आपण पन्नास वर्षे ते वाचीत नाही! नाणी शोधणाऱ्यांचा एवढा उपकार तरी मानावा, की त्यांनी पाहायला शिकवले.

चुकीचे मोल कसे वाढते याची एक जुनी कथा आपल्याच देशातली आहे. १९११ साली पाचव्या जॉर्ज बादशहाचा रुपया मुंबई आणि कलकत्ता येथे पाडला. राजाच्या झग्यावर माळेत हत्ती कोरला होता, पण त्याची सोंड इतकी आखूड उमटली, की लोकांना तो डुक्कर दिसू लागला. मुसलमान समाजात क्षोभ झाला. सुमारे चौऱ्याण्णव लाख रुपये पाडून झाले होते. त्यांपैकी सात लाखांच्या आसपासच बाहेर गेले आणि बाकीचे परत वितळवले. १९१२ सालापासून हत्तीची सोंड नीट लांब केली. चांदी तीच, वजन तेच, राजाही तोच. पण आज तो १९११ चा रुपया संग्राहक आवर्जून शोधतात. चांगल्या सोंडेचा हत्ती स्वस्त आणि बिनसोंडेचा महाग!

दुसरी कथा अमेरिकेतली. तेथे पन्नास पेनी कागदात गुंडाळून त्याची वळकटी बँकेत मिळते, आणि अशा वळकट्या फोडून चुकलेली नाणी हुडकणे हा तिकडे पुष्कळांचा छंद आहे. १९४३ साली महायुद्धासाठी तांबे हवे होते म्हणून तेथे पेनी पोलादाची पाडली. परंतु जुन्या तांबूस चकत्या यंत्रात कोठेतरी राहिल्या होत्या, त्यांवरही काही पेनी पडल्या. १९४७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका सोळा वर्षांच्या मुलाला शाळेच्या भोजनगृहात मोड घेताना त्यातली एक मिळाली. अशी पेनी आणील त्याला हेन्री फोर्ड नवी मोटार देतो, अशी तेव्हा आवई होती. मुलाने विचारले, फोर्ड कंपनीने सांगितले, हे खोटे आहे. सरकारी खात्याने सांगितले, त्या सालच्या साऱ्या पेनी पोलादाच्याच आहेत. मुलाने वाद घातला नाही, नाणे जपून ठेवले. २०१८ साली तो म्हातारा होऊन वारला आणि जानेवारी २०१९ मध्ये ते नाणे लिलावात दोन लाख चार हजार डॉलरला गेले. आता तर तिकडे व्यवहारातली पेनी पाडणेच नोव्हेंबर २०२५ मध्ये बंद झाले.

या गोष्टीत मोटारीची आवई आहे ती ध्यानात ठेवा, कारण आपल्याकडेही आवयांना तोटा नाही. २०१२ सालची वैष्णोदेवीच्या चित्राची पाच आणि दहा रुपयांची नाणी लाखो रुपयांना विकली जातात, अशी हूल कित्येक वर्षे फिरते आहे. ती नाणी चुकलेली नाहीत, दुर्मीळही नाहीत. पण मोबाईलवर निरोप येतो, “तुमच्या नाण्याला पाच लाखांचे गिऱ्हाईक आहे, आधी नोंदणीचे एवढे पैसे भरा.” मग कराचे भरा, मग दलालीचे भरा. रिझर्व्ह बँकेच्या नावाचा कागदही दाखवतात. अखेर रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले, की असल्या व्यवहारात आम्ही पडत नाही आणि त्यासाठी कसलीही दलाली वा आकार मागत नाही. आमच्या ऐकण्यात अशा दोन माउल्या आहेत, की ज्यांनी पाच रुपयांच्या नाण्यापायी वारीसाठी साठवलेले पैसे घालवले. वाचकहो, ज्याला तुमचे नाणे खरोखर विकत घ्यायचे आहे तो तुम्हाला पैसे देईल; तुमच्याकडे मागणार नाही. एवढे सूत्र घरच्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगा.

आणि याच्या उलट प्रकार पाहा. दहा रुपयांचे नाणे सरकारने वेळोवेळी निरनिराळ्या छापांचे काढले. कोणावर रुपयाची नवी खूण आहे, कोणावर नाही. कोणीतरी उठवले, की बिनखुणेचे नाणे खोटे. झाले! भाजीवाला घेईना, रिक्षावाला घेईना. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले, की चौदा छापांची नाणी काढलेली आहेत आणि चौदाही खरी आहेत. त्या दिवसांत आमच्या कीर्तनात आरतीचे ताट फिरले की दहाची नाणी भरभरून यायची. आमचे टाळकरी म्हणाले, “बुवा, भक्ती वाढली!” आम्ही म्हटले, “अरे, भक्ती नाही वाढली, दुकानदार घेत नाहीत ते देवाला घालताहेत.”

म्हणजे गंमत कशी आहे पाहा. खरे नाणे आवईने खोटे ठरते आणि बिघडलेले नाणे हौसेने मोलाचे ठरते. १९९९ साली श्रीज्ञानोबारायांचे चित्र असलेला रुपया निघाला, २००२ साली श्रीतुकोबारायांचे दोन रुपयांचे नाणे निघाले. कित्येक घरांत ती देव्हाऱ्यात हळदकुंकू लावून ठेवली आहेत. त्यांना कोणी लाख दिले तरी म्हातारी द्यायची नाही. एक मोल राजाच्या शिक्क्याचे, दुसरे दुर्मीळतेचे, तिसरे भावाचे. तिन्ही मोले माणसाने लावलेली. धातू बिचारा मुकाच आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कोपरखैरण्याला कीर्तन आटोपल्यावर एक तरुण थांबून राहिला. वाशीच्या बाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहितो. वडील माथाडी, साताऱ्याकडचे, घरात माळ आहे. मंडळी पांगल्यावर जवळ आला आणि म्हणाला, “महाराज, एक शंका आहे. मला नाण्यांचा नाद आहे. आमच्याकडे एक भाजीवाली मावशी बसते. तिच्या डब्यात मला पाचाचं एक नाणं दिसलं, छापा सरकलेला, एका बाजूला चंद्रकोरीएवढी जागा कोरी. मी ओळखलं. खिशातलं दुसरं पाचाचं काढलं आणि म्हणालो, मावशी, हे घ्या, ते द्या. ती काय म्हणाली, ठाऊक आहे? म्हणाली, अरे बाळा, ते बिघडलेलं आहे, कुणी घेणार नाही तुझ्याकडून, थांब, चांगलं देते. मी म्हटलं, असू द्या, मला तेच द्या. पुढे ते अडीच हजारांना गेलं. महाराज, मी चोरी केली का?”

आम्ही त्याला लगेच उत्तर दिले नाही. आधी त्याचीच बाजू पुरती मांडू दिली, कारण पूर्वपक्ष दुबळा करून जिंकण्यात पुरुषार्थ नाही.

तो म्हणाला, “पाचाला पाच दिले. सरकारचा शिक्का पाचाचाच आहे, मग मी कमी काय दिलं?” दुसरे म्हणाला, “ओळखायला मी दहा वर्षं घालवली, पुस्तकं वाचली, डोळे फोडले. वैद्य शेताच्या बांधावरची मुळी उपटून नेतो, तो काय शेतकऱ्याला औषधाचे पैसे देतो?” तिसरे म्हणाला, “मी घेतलं नसतं तर ते झिजून गेलं असतं. मावशीचं काय गेलं?”

तिन्ही युक्तिवाद चांगले आहेत. शास्त्रातही याला सरळ वचन सापडत नाही. हरवलेल्या वस्तूचा नियम मनूने सांगितला आहे, की धनी सापडेपर्यंत राजाने तीन वर्षे ती सांभाळावी. पण हे नाणे हरवलेले नव्हते. जमिनीत सापडलेल्या ठेव्याचा नियम स्मृतींत आहे आणि १८७८ सालच्या कायद्यातही आहे. पण हा ठेवा नव्हे. ही अदलाबदल होती, दिवसाढवळ्या, दोघांच्या संमतीने. मग दोष कोठे?

दोष संमतीत आहे. विकणारा मालाचा दोष लपवील तर त्याला स्मृतिकारांनी दंड सांगितला आहे. का? तर घेणाराने जे कबूल केले ते त्याला माहीतच नव्हते. आता हेच उलटे करा. येथे घेणाराने मालाचा गुण लपवला. दोष लपवून विकणे आणि गुण लपवून घेणे, ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. महाभारतात जाजली नावाचा तपस्वी काशीच्या तुलाधार वाण्याकडे धर्म शिकायला गेला. तपस्वी वाण्याकडे! कारण तुलाधाराचा तराजू सर्वांना सारखा होता. जाणत्याला एक माप आणि अजाणत्याला दुसरे, असे त्याच्या दुकानी नव्हते.

वैद्याचा दाखलाही तपासून पाहू. वैद्य मुळी नेतो, तिच्यावर पुढे खल-बत्ता चालवतो, औषध त्याच्या श्रमाने होते. पण समजा, शेतकरी बांधावर उभा आहे आणि म्हणतो, “वैद्यबुवा, ती विषारी आहे, हात लावू नका, मी चांगली देतो.” तेव्हा वैद्य गप्प राहील का? राहिला तर वैद्यकी राहील, माणुसकी राहणार नाही. मावशीने नेमके हेच केले. आपल्या पदरचे बिघडलेले नाणे दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा मोका तिला आयता आला होता. सारी दुनिया फाटकी नोट घडी घालून पुढे सरकवते. तिने ते केले नाही. म्हणाली, थांब, चांगले देते. तिला जे दोष वाटले ते तिने सांगितले. ह्याला जो गुण ठाऊक होता तो ह्याने सांगितला नाही. अडीच हजारांचा हिशेब बाजूला ठेवा. त्या एका क्षणी दोघांमध्ये पारखी कोण होते?

तिसरा युक्तिवाद होता, की मावशीचे काय गेले. तिचे काही गेले नसेल. पण आम्ही त्याला एवढेच विचारले, “बाळ, तुझे काही गेले नसते तर रात्री साडेअकरापर्यंत तू आमच्यासाठी थांबला असतास का?” तो खाली पाहू लागला.

तेव्हा आमचा निर्णय असा. बँकेतून मोजून नाणी आणली आणि त्यांत चुकलेले निघाले, तर ते निःशंक आपले. बँकेने मोजून दिले, आपण मोजून घेतले, घेताना दोघेही सारखेच अजाण होते. दुकानात मोड घेतली आणि घरी येऊन पाहता त्यात निघाले, तरीही आपले. ते प्रारब्धाने आले. नाण्यांचा व्यापारी आणि नाण्यांचा संग्राहक समोरासमोर बसून घासाघीस करतात, तेथेही दोघे जाणते आहेत, ज्याची विद्या अधिक त्याला लाभ. परंतु आपल्याला दिसते आहे, समोरच्या गरिबाला दिसत नाही आणि आपण हात पुढे करतो आहोत, तेथे तोंड उघडलेच पाहिजे. कसोटी सोपी आहे. घेताना मनातले मोठ्याने बोलता येत असेल तर व्यवहार शुद्ध. गिळावे लागत असेल तर त्यात खोट आहे. सांगूनही ती म्हणाली, “घेऊन जा रे, मला कुठं विकायला येतंय,” तर मग खुशाल न्यावे आणि आलेल्यातून तिचा वाटा पोचवावा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रूपदर्शक नावाचा अधिकारी आहे. नाणी पारखणे हे त्याचे काम. राजाने त्याला कशासाठी ठेवला? बाजारात येणाऱ्या अडाण्या माणसाला खरेखोटे कळत नाही, त्याचा व्यवहार बिनघोर व्हावा म्हणून. पारख ही विद्या मुळात अजाणत्याच्या रक्षणासाठी आहे. ज्याला दिसते त्याच्यावर सांगण्याचे ऋण आहे. संतांना आपण पारखी म्हणतो ते याचसाठी. त्यांना जे दिसले ते त्यांनी मुठीत धरून ठेवले असते तर त्यांचे कोणी काय वाकडे केले असते? पण त्यांनी ते वाळवंटात उभे राहून सांगितले, आणि ज्याला एक अक्षर येत नव्हते त्यालाही सांगितले.

तो तरुण मावशीकडे गेला. पुढच्या एकादशीला आम्हाला भेटला तेव्हा त्याने सांगितले, की मावशीला आधी पटेचना, थट्टा करतो वाटले. मग तिने निम्मे पैसे घेतले, पदराला गाठ मारली आणि सारा डबा त्याच्यापुढे उपडा करून म्हणाली, “आता एवढंही बघून दे.” त्याने तासभर बसून सगळी नाणी पाहिली. त्यात एकही चुकलेले निघाले नाही. पण तेव्हापासून ती त्याला मेथीची जुडी निवडून देते म्हणे.

शेवटी नाद करणाऱ्यांना एक सांगणे आहे. नाणी शोधू नका, असे आम्ही म्हणत नाही. इतिहास कळतो, नजर बसते, दारूजुगारापेक्षा हजारपट चांगले. पण जपायचे ते एवढेच, की हजारांत एक चूक शोधण्याची सवय डोळ्यांना लागली की ती नाण्यांपुरती राहत नाही. मग माणसांतही चांगले नऊशे नव्व्याण्णव दिसेनासे होतात आणि सरकलेला छापा तेवढा दिसतो. सून बघताना, शेजारी बघताना, कीर्तनकार बघताना भिंग खिशातून आपोआप बाहेर येते!

चूक शोधावी तर नाथमहाराजांसारखी. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैचा मेळ बसेना. जेवण नाही, झोप नाही. समई लावून रात्रभर चोपड्या चाळल्या आणि मध्यरात्री चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. कारण ऐकून म्हणाले, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराच्या हिशेबातली चूक सापडली तर केवढा होईल! ही कथा आपल्याला पाठ आहे. पण तिच्यातली एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. एक पै म्हणजे जुन्या रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भाग. तेवढ्यासाठी रात्र घालवण्यात लाभ काहीच नव्हता. नाथ ती चूक विकायला शोधीत नव्हते, दुरुस्त करायला शोधीत होते, आणि ती दुसऱ्याच्या डब्यात नव्हे, आपल्या चोपडीत शोधीत होते.

चुकलेले नाणे दुरुस्त होत नाही. एकदा आघात झाला की झाला. म्हणूनच त्याला बाजार आहे. माणसाचे तसे नाही. त्याच्यावरचा छापा सरकलेला असला तरी श्वास आहे तोवर चकती पुन्हा ठशाखाली नेता येते. तो तरुण मावशीच्या पाटीपुढे जाऊन उभा राहिला, तेव्हा त्याने हेच केले.

॥ रामकृष्णहरि ॥